तिसऱ्या टाकीचा तळ

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, आमच्या गावाच्या अगदी डोक्यावर, एक कापड रंगवायची कंपनी होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. आता ती जागा दुसऱ्या कोणी घेतली, खोकी बनवायची कंपनी येणार म्हणे. तर त्याआधी जमिनीत पुरलेल्या तेलाच्या जुन्या टाक्या रिकाम्या करून, धुऊन, कायमच्या बंद करायचं काम निघालं. त्या कामाला जी माणसं आली त्यांना दोन वेळचा चहा आणि दुपारची भाकरी-भाजी कोणीतरी द्यायला हवी होती. ठेकेदाराचा माणूस गावात विचारत फिरत होता. मी त्याला माझ्या घरापुढं जाऊ दिलं नाही. "मी देते," बोलले, "दुसरीकडं जाऊ नका."

मुलगा रागावला. "आये, या वयात कशाला गो? गुडघं काय बोलतात तुझं?"

मी म्हटलं, घरात बसून वेळ जात नाही. हे काही खरं नव्हतं. वेळ माझा झकास जातो. मला त्या टाक्यांचा तळ बघायचा होता.

आता तळ बघून हिला काय करायचंय, असं तुम्हाला वाटेल. सांगते.

आमचे घरधनी त्याच कंपनीत बॉयलरवर होते. कापड रंगवायचं म्हणजे वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरला काळं तेल. हे काळं तेल म्हणजे कसं, थंडीत काकवीसारखं घट्ट, गरम केल्याशिवाय नळातून पुढं सरकायचं नाही. तीन टाक्या होत्या जमिनीत. वरून नुसती गोल झाकणं दिसायची आणि बाजूला उभा एकेक पाइप. टँकर यायचा, नळी लावायचा, तेल पोटात घालून निघून जायचा. खाली केवढं काय आहे ते कोणाला दिसायचं नाही. घरधनी घरी आले की आधी वास यायचा, मग माणूस. उशीला वास, टॉवेलला वास. माझी लेक लहान असताना शाळेत पोरं तिला चिडवायची, तर ती उलट बोलायची, "माझा बाबा इंजिनाचा बाबा हाय." असो.

त्या टाक्यांच्या बुडाशी गाळ जमायचा. गाळ काढला की कंपनीला तो टाकायचा कुठं हा प्रश्न, आणि आमच्या गावाला तो हवा. कशाला? वाळवीला. आमच्याकडं घरांना लाकडी खांब, वर वासे, बाहेर कुंपणाला मेढी. वाळवी लागली की दोन पावसात खांब पोकळ. पण पावसाआधी या काळ्या तेलाचा एक हात फिरवा, वाळवी त्या घराचं नाव घेत नाही. नांगराला लावा, बैलगाडीच्या साट्याला लावा, गोठ्याच्या दाराला लावा. घरधनी डब्यातून गाळ आणायचे आणि घराघरात वाटायचे. कधी कोणाकडून चहासुद्धा मागितला नाही. मे महिना आला की आमच्या ओट्यावर रिकामे डबे घेऊन माणसं उभी. "दादा, माझा एक." "दादा, माझ्या गोठ्याचं ध्यान ठेवा." गावातला एक खांब असा नव्हता ज्याला यांच्या डब्यातलं तेल लागलं नाही. धाकट्या दिराच्या घराचे खांब तर यांनी स्वतः पिंपावर चढून रंगवले. माझी जाऊ खाली उभी राहून दाखवत होती, "भावजी, त्या कोपऱ्यात राहिलं बघा." माझ्या डोळ्यापुढं आहे अजून. साडीवर एक थेंब पडला तर किती ओरडली होती, आणि मग आम्ही सगळेच हसलो.

मग तिच्या लेकीचं लग्न निघालं. मुलगी वैशाखरे गावी दिली होती. आमच्याकडं हळदीच्या आधी सवाष्णी वाजतगाजत गावविहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. मीच पुढं होते. कळशी वर आली. पाण्यावर रंग. तळणाच्या कढईत पाणी ओतलं की कसा तवंग उठतो, तसा. आणि वास. मी ओळखला ना लगेच! माझ्या उशीचा वास. पण मी गप्प राहिले, म्हटलं एखाद्या कळशीला असेल. दुसरी काढली, तिसरी काढली. वाजंत्री थांबले. पोरीला शेवटी बोअरिंगच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि तरी सासरची माणसं पुढं कितीतरी दिवस म्हणत होती की तेलात न्हालेली नवरी आली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं हो. भांडणात माणूस बोलतो, दुसरा उलटून बोलतो, निकाल लागतो. इथं कोणी काही बोललंच नाही. जावेनं येणं बंद केलं. तिच्या घरून वाटीभर कालवण यायचं ते बंद झालं. पारावर हे बसले की एकेक जण उठायचा. कोणाला गुरं आठवायची, कोणाला मोटर बंद करायची आठवायची. एकदा दुकानात मी दिव्याचं तेल मागितलं तर मागून कोणीतरी बोललं, "यांना कशाला विकत लागतं?" मी मागं वळले तर सगळे वजनकाट्याकडं बघत होते.

गावानं कंपनीत तक्रार केली होती, नाही असं नाही. कंपनीचा साहेब गाडीतून आला. विहिरीत वाकून बघितलं. मग गावातून एक फेरी मारली, आणि प्रत्येक घराचे काळेभोर खांब बघून हसायला लागला. "अख्खं गाव तेलात बुडवलंय तुम्ही, आणि बोंब आमच्या नावानं? कोण आणतं हे?" सगळ्यांनी एक नाव सांगितलं. ज्यांनी रांगा लावल्या होत्या त्यांनीच. साहेब गेला. तेव्हापासून गावात ठरलं ते ठरलं, की आमच्या घरानं डबे विहिरीवर धुतले आणि विहीर नासवली.

घरधनी डबे धुवायचे खालच्या ओहोळात. विहिरीच्याही खाली. खालचं पाणी वर चढत नाही, एवढं तर गुरं राखणाऱ्यालाही कळतं. यांनी एक-दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. स्वभाव तसा गरीब. पण पुढं पुढं यांनाच शंका यायला लागली, ते मला सोसवायचं नाही. जेवता जेवता हात थांबायचा. "गो, एखाद येळेला मी विहिरीवर हातपाय धुतलं असतील काय?" मी म्हणायची, नाय हो. "पन चपला? चपला तर तेलाच्या असायच्या." चपलांनी विहीर नासते का? पण माणसाच्या डोक्यात एकदा शिरलं की वाळवीच ती, तिला तेल नाही.

कल्याणच्या दवाखान्यात शेवटचे दिवस होते. श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं काय काम करायचे, मी सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली. शेवटच्या दुपारी यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं लेकीचं काही सांगतील. तर म्हणाले, "पोरीच्या लग्नात मीच इघीन आनलं काय गो?" मी म्हटलं, "नाय." "तुला काय ठाव?" असं म्हणाले. आणि गेले त्या संध्याकाळी.

मला काय ठाव! खरंच होतं. मला वाटत होतं, पण ठाऊक नव्हतं. म्हणून मी त्या कामावर भाकऱ्या भाजायला गेले.

कामावर एक मुलगी मुख्य होती. पिवळं टोपडं, मोठे बूट, माझ्या नातीएवढी. पहिल्याच दिवशी तिनं माझी काडेपेटी काढून घेतली. "आजी, चूल भिंतीच्या पलीकडं. इकडं ठिणगी चालणार नाही." मी भिंतीपलीकडं चूल मांडली, पण चहा द्यायला आत जायची आणि उभी राहायची. तिनंही हटकलं नाही.

आधी पंपानं उरलंसुरलं तेल ओढून पिंपात भरलं. मग झाकणं उघडली. लगेच कोणी आत उतरलं नाही. मोठा पंखा लावून आत वारा घातला, मग दोरीला बांधून एक छोटं यंत्र आत सोडलं. आत विषारी वायू असला की ते किंचाळतं. किंचाळलं की परत वारा. गप्प राहिलं तरच माणूस आत, तोंडाला मुखवटा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक धरून वर दुसरा माणूस. लाकडी फावड्यानं गाळ खरवडायचा, लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यायचं, पिंपं भरायची, झाकणं ठोकायची, आणि ती पिंपं न्यायला वेगळी गाडी. सांडलं तर त्यावरही भुसा. मी बघत राहिले. आमचे घरधनी याच टाक्यांत उतरायचे, चड्डीवर, नाकाला फडकं बांधून. वर आले की रॉकेलनं अंग पुसायचे. दोर कोणी धरला नव्हता त्यांचा. त्या मुलीला मी हे सांगितलं तर तिनं विचारलं, "मग त्यांना काही त्रास नाही झाला?" मी म्हटलं, "चहा थंड होतोय, घे."

आत उतरणारे बिहारकडचे होते. त्यातला वयानं मोठा मला अम्मा म्हणायचा. टाकीतून वर आला की त्याला भूक लागायची नाही, नुसता कांदा फोडून खात बसायचा. एके दुपारी कांदा खाता खाताच बोलला, "अम्मा, वो तीसरी वाली का तो पेट फटा है. नीचे हाथ डालो तो मिट्टी लगती है."

मी हातातली परात खाली ठेवली. तिसरी टाकी म्हणजे गावाकडच्या अंगाची, उताराला लागून, चिमणीच्या पायथ्याशी.

तशीच त्या मुलीकडं गेले. म्हटलं, मला बघू दे. ती आधी नको म्हणाली. मी तिथंच बसले. शेवटी तिनं पुन्हा ते यंत्र आत सोडलं, ते गप्प राहिलं, मग मला झाकणाच्या तोंडाशी पालथं झोपवलं, दोन माणसांनी पाय धरले, आणि आत दिवा सोडला. आत सगळं खरवडलेलं, गंजलेलं, तांबडं. आणि तळाला एका टोकाशी लांब चीर. भाकरीला भोक पडलं की खालचा तवा दिसतो ना, तशी त्यातून खालची माती दिसत होती. काळी, ओली, चकाकणारी.

"कधीपासून असेल हे?" मी विचारलं.

"पुष्कळ वर्षांपासून. बॉयलरचं गरम पाणी इथंच बाहेर पडायचं बघा, बरोबर या टोकावर. लोखंड कुजत गेलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिला वासानं आलं असं वाटलं, तिनं मला पाणी प्यायला दिलं. मी म्हटलं, "ही बाहेर काढाल तेव्हा मला आदल्या दिवशी सांग. मी गाव बोलावते."

"आजी, बाकीच्या दोन काढणार. ही नाही काढायची. भिंतीचा आणि चिमणीचा पाया हिच्या अंगावर आलाय. ही उचलली तर सगळं खाली येईल. हिच्यात पातळ काँक्रीट भरून जागच्या जागी बंद करणार. तसं चालतं."

"आनि भोक?"

"भरून जाईल."

"आनि आमची विहीर?"

"तुमची विहीर आमच्या कामात नाही, आजी." हे बोलताना ती बुटांकडं बघत होती. वाईट मुलगी नव्हती. तिला जेवढं काम दिलं होतं तेवढं ती नीट करत होती.

दोन दिवसांनी क्रेन आली. जत्राच की! पोरं भिंतीवर, बायका डोक्यावर पदर घेऊन झाडाखाली, सरपंच पुढं. पहिली टाकी जमिनीतून वर आली, माती ओघळत होती, अंगाला डांबराचं कापड गुंडाळलेलं होतं, ते तसंच शाबूत. दुसरी तशीच. एक ओरखडा नाही. पोरांनी दगड मारून वाजवल्या, घंटेसारख्या वाजल्या. सरपंच हात फिरवून बोलला, "काय लोखंड हाय! याच्यातून थेंब गळायचा नाय."

आणि मागून कोणीतरी, "मंग त्याल काय उडत आलं होतं विहिरीत?"

हसले सगळे. माझ्याकडं मात्र एकानंही बघितलं नाही. न बघण्याची पण एक रीत असते, ती मला इतक्या वर्षांत पाठ झाली आहे.

मी पुढं झाले. "तिसरी बघा. तिचा तळ फाटलाय. मी बघितलाय."

सरपंच तसा लहान माझ्यापुढं, काकी म्हणतो. "काकी," बोलला, "आता जुनं कशाला उकरता? नवीन मालक देवळाला सभामंडप देतो बोललाय. आपल्या पोरांना कामाला घेतो बोललाय. त्याच्याच जागेत उभं राहून भोकं कशाला दाखवायची? आनि विहीर आता वापरतो कोन? नळ आलाय घरात."

"विहीर नको मला."

"मंग काय पायजे तुमाला?"

काय सांगणार? माझ्या माणसावरचा आळ काढा, असं म्हणायचं तर आळ कोणी घेतला होता? तोंडावर कोणीच नाही. म्हटलं असतं तर हेच सगळे म्हणाले असते, "आमी कधी बोललो काकी? दादा म्हंजे देवमानूस." जे कोणी बोललंच नाही ते परत घ्या कसं म्हणायचं? मी पदर खोचला आणि चहाची किटली घेऊन भिंतीपलीकडं गेले.

रात्रभर तेच घोळवलं आणि ठरवलं, गाव राहू दे, एकाच माणसाला दाखवायचं. जाऊ. तिच्या लेकीच्या पाण्यावरून सुरू झालं, तिनं सांगितलं तर गाव ऐकेल.

सकाळी तिच्या घरी गेले. तिच्या लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून हात थांबला, पण सूप खाली ठेवलं नाही.

"वाट चुकलीस काय बाय?"

"नाय. तुला न्यायला आली."

"खै?"

"कंपनीत. तिसरी टाकी बघायला. उद्या बुजवनार."

"मी काय इंजिनेर हाय?"

"डोळं हायत ना तुला? तेवढं पुरं. चल."

"माझा गुडघा दुखतो."

"माझा काय नाचतो? चल गो."

तिला हसू फुटता फुटता राहिलं. खरंच. मग सूप ठेवून उठली. दोघी म्हाताऱ्या चढावानं निघालो, अर्ध्यात तिनं माझा हात धरला. माझ्या मनात आलं, हा हात इतकी वर्षं कुठं होता?

त्या मुलीनं परत सगळं केलं, यंत्र, वारा, दिवा. जावेला पालथं झोपवलं. ती खूप वेळ बघत राहिली. मी तिचे पाय धरले होते. वर आली, जमिनीवर बसली, पदरानं तोंड पुसलं. पदर काळा झाला.

"ही चीर," ती बोलली. "ही विहिरीच्या अंगालाच हाय की गो."

"हाय."

"भावजी..." एवढंच.

मी म्हटलं, "आज देवळात बैठक हाय सभामंडपाची. तिथं सांग. दुसरं काय नको. तू जे बघितलंस तेवढंच सांग." तिनं मान हलवली. खरंच हलवली. मी त्या दिवशी त्या बिहारी माणसांना भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी केली, लोणचं दिलं, आणि एकटीच गात होते चुलीपुढं, त्या मुलीनं विचारलंसुद्धा, "आजी, आज काय आहे?"

दिवेलागणीला देवळात सगळे जमले. पुरुष पुढं, आम्ही बायका मागं. सरपंचाच्या बाजूला जावेचा मुलगा बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तेव्हाच मला काहीतरी टोचलं, पण मी मनाला गप्प केलं. मंडपाचे खांब कुठं, पत्रा कसला, हे सगळं झालं. मग सरपंचच बोलला, "काकू, तुमी पन वर जाऊन बघून आलात म्हने. काय हाय त्या टाकीत?"

सगळे मागं वळले.

जावेनं आधी आपल्या मुलाकडं बघितलं, मग बोलली, "अंधार होता बाबा. मला नीट काय दिसलं नाय. मोतीबिंदू हाय ना डोळ्यात."

"आनि काकींना दिसला तळ!" कोणीतरी बोललं, आणि पुन्हा तेच हसू. चांगलं, मोकळं हसू, हां. त्यात काही वाईट हेतू नव्हता. ते आणखी लागलं.

मी उठून सांगितलं का? सांगितलं. "तिनं बघितलंय," मी बोलले, "ती मला बोललीय." तर एक सून मला हळूच म्हणाली, "आजी, बसा ना, देवळात कशाला?" आणि बाजूच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा वेडं झालेल्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

दुसऱ्या दिवशी फिरतं पोट असलेली काँक्रीटची गाडी आली. भरण्याआधी नारळ वाढवायचा होता. आमच्याकडं कुठलाही खड्डा मुकाट्यानं बुजवत नाहीत, भुईला मान द्यावा लागतो, नाहीतर ती आपला मान आपण घेते. सवाष्ण पाहिजे म्हणून सरपंचानं जावेलाच पुढं बोलावलं. मी कशी चालणार? मी किटली घेऊन उभी होते. तिनं झाकणाला कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, नारळ पुढं केला. मुलानं तिचा हात धरून नारळ फोडला. पाणी आत टाकीत गेलं. मग नळी सोडली आणि घरघर करत काँक्रीट आत पडायला लागलं. चहाच्या वेळेपर्यंत तोंडापर्यंत आलं. त्या मुलीनं वरून फळीनं सारखं केलं, माझ्याकडं बघितलं आणि दुसरीकडं गेली.

खोक्यांची कंपनी सुरू झाली. जावेचा मुलगा फाटकावर आहे, निळा गणवेश, शिट्टी. सभामंडप झाला, चांगला झाला. गावविहिरीवर जाळी टाकली.

आणि आता जाऊ माझ्याकडं येते. मागच्या दारानं. पूर्वी येत नव्हती ती मला दोषी समजून, आता येते ती मला निर्दोष समजून, पण कोणी बघत नसेल तेव्हा. दुकानात समोर आली की नजर वजनकाट्याकडं. मागच्या शनिवारी शहापूरच्या बाजारातून सुके बोंबील आणले होते तिनं, त्यातले निम्मे पदराखाली घेऊन भर दुपारी परसात उभी.

"बाय, पोराची नोकरी हाय. त्याला दोन पोरी हायत. तू समजून घे."

"घेतलं समजून."

"मला ठाव हाय, तुला ठाव हाय. वरच्याला ठाव हाय. आनखी कोनाला पायजे?"

"ज्याला पायजे होतं तो विचारत विचारत गेला," मी बोलले. "तुजं नाव घेत नाय मी, पन त्याचं नाव घेऊन तू बोल, त्याची चूक नव्हती. एकदा. पारावर."

ती बोंबील पुढं धरून उभी राहिली. ऊन होतं. "आत तर येव दे," बोलली.

"पुढच्या दारानं ये," मी म्हटलं. "तुजंच घर हाय. पन पुढच्या दारानं, सगळे बसलेले असतील तेवा ये."

पुढच्या दाराला जायचं तर घराला वळसा घालून पारासमोरून यावं लागतं. पारावर चार-पाच जण बसलेले होते, त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. ती कोपऱ्यापर्यंत गेली. मला तिची पाठ दिसत होती. उभी राहिली बराच वेळ. मग बोंबील माझ्या धुण्याच्या दगडावर ठेवले, आणि मागच्या वाटेनंच निघून गेली.

ते मी उचलले नाहीत. मांजरानं नेले.